मंगळवारची मालकीण

नात पहिले पाऊल टाकायला लागली, त्या वर्षी मावशी इस्पितळाच्या धुलाईखान्यातून निवृत्त झाली, आणि त्याच वर्षी मुलाच्या घरात मायलेकांचे आवाज पैशावरून पहिल्यांदा चढले.

"काय विकत घेतलंस म्हणालीस?" मुलाने विचारले. घास हातातच राहिला होता.

"दिवस."

"कसला दिवस?"

"मंगळवार. एकाचा आधीपासून होता माझ्याकडे. आता आणखी तिघांचे घेतले."

मुलाने बायकोकडे पाहिले. सून पोरीची हनुवटी पुसत होती, तिने मान वर केली नाही. सासू काही बोलली की लगेच मध्ये पडायचे नाही, एवढे ती या घरात येऊन शिकली होती.

मुलाचे कामच लोकांच्या बचतीचे होते. पांढरा सदरा घालून तो एका थंडगार ऑफिसात बसे आणि समोर येणाऱ्याला सांगे, इतके शेअरमध्ये टाका, इतके रोख्यांत टाका, शांत झोपा. लोक त्याचे ऐकत. आणि त्याची सख्खी आई सगळ्या नोकरीची पुंजी घेऊन त्याला न विचारता दिवस विकत घेऊन आली होती.

"आई, पैसे आहेत कुठे ते सांग."

"सांगते ना. एकाकडे त्यांचं किल्ल्या कापायचं मशीन झालंय. एका बाईकडे काजं करायचं मशीन झालंय. आणि पंक्चरवाल्याकडे हवेचा पंप, मोठा, विजेवरचा."

"म्हणजे कर्ज दिलंस."

"कर्ज मी कुणाला देत नाही. कर्ज घेतलेला माणूस आपल्याला बघून रस्ता बदलतो. मला या वयात रस्त्यानं जाताना हाका मारणारी माणसं हवीत."

मुलाने घास खाली ठेवला. "हे बघ, शेअर नकोत तर नकोत. रोखे नकोत तर नकोत. त्याच्या पलीकडेही पुष्कळ काही असतं. आमच्याकडे येणारे मोठे लोक सोनं घेतात, गोदामं घेतात, जंगलाचा तुकडा घेतात, जुनी चित्रं घेतात. एकानं तर शर्यतीचे घोडे घेतलेत."

"घोड्याला चारा कोण घालतं?"

"ठेवलेला असतो माणूस."

"मग घोडा त्या माणसाला ओळखत असेल. मालकाला कशाला ओळखेल?" मावशी म्हणाली आणि नातीकडे वळली. "काय गं, घ्यायचा का आपण घोडा?"

पोरगी हसली. मुलगा हसला नाही.

हा मंगळवारांचा उद्योग काही निवृत्तीच्या दिवशी सुचलेला नव्हता. त्याची सुरुवात पुष्कळ आधीची. धुलाईखान्यात चादरी उकळणारी भांडी होती, माणूस आत उभा राहील एवढाली. सहा दिवस वाफेत उभे राहायचे आणि सातव्या दिवशी सुट्टी. नोकरी लागली त्या दिवशीच मावशीच्या वाट्याला मंगळवार आला आणि शेवटपर्यंत मंगळवारच राहिला. नवरा लवकर गेला. मुलाची शाळा, घरचा बाजार, दळण, आजारपण सगळे त्या एका दिवसात बसवायचे. तेव्हापासूनच ती म्हणायची, बाकीचे दिवस इस्पितळाचे, मंगळवार माझा.

अशाच एका मंगळवारी ती मुलाला केस कापायला घेऊन गेली. इस्पितळाच्या फाटकासमोर एक न्हावी स्टुलावर गिऱ्हाईक बसवून काम करायचा. स्टूल बुटके, न्हावी उंच. कमरेत वाकून वाकून त्याची पाठ कमानीसारखी झालेली.

"खुर्ची का घेत नाहीस?" मावशीने विचारले.

"खुर्ची घ्यायची म्हटलं तर वर्षभर पोट बांधावं लागेल, मावशी."

मावशीकडे जादा पाळ्यांचे पैसे होते. आडीअडचणीला म्हणून बाजूला ठेवलेले. ती घरी गेली, विचार करत राहिली आणि पुढच्या मंगळवारी परत आली.

"खुर्ची मी घेऊन देते."

"व्याज काय लावाल?"

"व्याज-बिज नको. मंगळवारी जेवढी कमाई होईल ती माझी. बाकी सहा दिवस तुझे."

"किती वर्षं?"

"मी आहे तोवर. मी गेले की मंगळवार तुझा तुला परत. खुर्ची तर पहिल्या दिवसापासून तुझीच."

न्हावी बराच वेळ वस्तरा पुसत राहिला. "आणि तुम्ही शंभर वर्षं जगलात तर?"

"तर तुझी खुर्ची मला लाभली म्हणायचं."

दोघेही हसले आणि सौदा झाला. कागद नाही, सही नाही. आरशाखालच्या फळीवर झाकणाला फट पाडलेला एक डबा आला. मंगळवारी पैसे गल्ल्यात न टाकता त्या डब्यात टाकायचे, एवढाच काय तो कायदा. पुढे न्हाव्याने गाळा घेतला, दिवे लावले, विजेवरची मशीन घेतली, दारावर पाटी लावली. डबा मात्र तोच राहिला.

मावशी नुसती डबा न्यायला जात नसे. सकाळी जाऊन आरसा पुसायची, केर काढायची, बाकावर बसलेल्यांना पाणी द्यायची. गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकायची कापडे ती आठवड्याची आठवड्याला घरी नेऊन धुवायची. त्या रस्त्यावर एवढे पांढरे कापड कुणाकडे नव्हते. नवे गिऱ्हाईक मानेभोवती कापड घेताना एकदा तरी म्हणायचेच, "वा, इस्पितळात आल्यासारखं वाटतंय." न्हावी म्हणायचा, "हळू बोला. आज मालकीणबाई आहेत दुकानात. मी सहा दिवस शेठ, मंगळवारी नोकर."

तर त्या रात्रीच्या जेवणाचे सांगत होतो. मुलाने बरेच समजावले. शेवटी तो एका जागी अडला.

"बरं, दिवस घेतलेस. पण सगळे मंगळवारच का? एकाचा सोमवार घ्यायचा, दुसऱ्याचा गुरुवार घ्यायचा. उद्या मंगळवारी काही झालं तर चौघांचे एकदम बुडतील."

"माझी सुट्टी मंगळवारची असते."

"आई! आता तुला रोजच सुट्टी आहे!"

खरे सांगायचे तर हे मावशीच्या डोक्यातच आले नव्हते. एवढी वर्षे मंगळवारीच मोकळी होणारी बाई, मोकळीक म्हटले की तिला दुसरा वारच सुचला नाही. पण पोराच्या तोंडावर चूक कबूल करणे तिच्या स्वभावात नव्हते.

"झालं ते झालं," ती म्हणाली. "सौदा झालाय."

मुलाने हात टेकले. मग त्याने एक तोड काढली. मावशी दोन खोल्यांत भाड्याने एकटी राहायची. मुलाचे म्हणणे, आमच्याकडे येऊन राहा. तो विषय गेली दोन वर्षे घोळत पडलेला होता. "असं करू," तो म्हणाला. "एक वर्ष. या मंगळवारांवर तुझं भाडं आणि तुझं औषध निघालं, तर मी परत हा विषय काढणार नाही. नाही निघालं, तर हे सौदे मोडायचे, मिळतील ते पैसे माझ्याकडे द्यायचे आणि तू इकडे यायचं."

"चालेल," मावशी म्हणाली.

"आई, नीट विचार करा हो," सून पहिल्यांदा बोलली.

"केलाय. माझ्या दाराची किल्ली माझ्या कमरेला राहणार की तुमच्या खिळ्याला, एवढाच प्रश्न आहे ना? ती माझ्या कमरेला राहील."

सुरुवातीचे महिने झकास गेले. मंगळवारी मावशी सकाळीच निघायची. आधी न्हावी. मग चार दुकाने सोडून काजबटणवाली. ही तरुण बाई, एका मुलीची आई, शिंप्यांकडून सदरे आणून काजे करून द्यायची. पलीकडे किल्लीवाला, वाळका, बोलका, नजर सारखी रस्त्यावर. आणि कोपऱ्यावर पंक्चरवाला, जाडजूड, झोपाळू. हवा भरतो म्हणून लोक त्याला हवालदार म्हणायचे आणि तोही सलाम ठोकायचा. सगळ्यांकडे तसेच डबे. मावशी प्रत्येकाच्या दुकानात घटकाभर बसायची, स्वतःच्या दुकानात बसावे तशी. कुणी विचारले, "मावशी, इथं कशा?" तर म्हणायची, "धंद्यावर आलेय."

पण किल्लीवाल्याचा डबा हलका लागायला लागला. बाकीचे भरत होते, त्याचा खुळखुळत होता. एका मंगळवारी मावशीने आपल्या शेजारणीला तिच्या घरचे कुलूप घेऊन पुढे पाठवले आणि स्वतः मागे थांबली.

"किल्ली करायचीय? उद्या या," किल्लीवाला शेजारणीला म्हणाला. "आज मशीन तापलंय."

मावशी पुढे झाली. मशीनवर हात ठेवला. थंडगार होते.

किल्लीवाल्याचा चेहरा पडला. "मावशी, मी काय म्हणतो..."

"काही म्हणू नकोस. मला एवढंच सांग, हिनं रात्री घर उघडं ठेवून झोपायचं का?"

"नाही."

"मग कर किल्ली."

त्याने किल्ली केली. पैसे डब्यात टाकले. मावशी जायला निघाली तसा तो मागून म्हणाला, "कुणाला सांगणार का?"

"कशाला सांगू? माझ्याच दुकानात माझा माणूस गैर वागला, हे मी गावभर सांगत फिरू?"

त्या दिवसापासून त्याचा डबा भरायला लागला. माणूस तोच, मशीन तेच.

आणि मग विजेची टंचाई आली. प्रत्येक भागाला आठवड्यातून एक पूर्ण दिवस वीज मिळणार नाही, असे जाहीर झाले. कुणाच्या वाट्याला सोमवार, कुणाच्या वाट्याला शनिवार. मावशीच्या रस्त्याच्या वाट्याला मंगळवार आला.

मुलाचा फोन आला. आनंदाने केलेला नव्हता; आवाजात काळजीच होती. "आई, ऐकलंस का?"

"ऐकलं."

"मी म्हटलं होतं ना. सगळे एकाच वारी नको होते."

"म्हटलं होतंस."

"मग येतेस?"

"वर्ष संपलं का?"

"चार महिने आहेत अजून."

"मग चार महिन्यांनी विचार," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला. ठेवला खरा, पण नंतर बराच वेळ ती हात मांडीवर ठेवून बसून होती. पोरगा बरोबर बोलला होता. वाफेच्या भांड्यासमोर आयुष्य गेले तरी हात भाजून घेतला नव्हता, आणि आता म्हातारपणी भाजला.

रविवारी चौघे तिच्या घरी आले. चौघांना बसायला खुर्च्या पुरल्या नाहीत, म्हणून हवालदार दारातच उभा राहिला आणि दार भरून गेले. न्हाव्याने बोलायचे असे ठरले होते.

"मावशी, आमचं ठरलंय. तुम्ही बुधवार घ्या."

"बुधवार कुणाचा आहे?"

"आमचाच."

"तुम्ही मला विकलाय का?"

"विकला नाही, पण..."

"मग मी कसा घेऊ? नफ्याचा मंगळवार माझा आणि तोट्याचा तुमचा, असं आपलं ठरलं नव्हतं. बुडाला तर माझा दिवस बुडाला."

"हट्ट करता तुम्ही," काजबटणवाली म्हणाली. "आम्हाला माहितीय तुमची मुलाशी काय पैज लागलीय ती."

"कुणी सांगितलं?"

चौघांनी चार दिशांना पाहिले. सून मंगळवारी कधीमधी केस कापायला नातीला घेऊन न्हाव्याकडे जायची, हे मावशीला नंतर सुचले.

"चहा घ्या आणि जा," ती म्हणाली. "मला दया-बिया नको. दुकान बंद राहील तर राहू दे."

चहा पिऊन चौघे गेले. जिन्यात त्यांची कुजबुज चालली होती, ती मावशीला ऐकू आली. पण शब्द कळले नाहीत.

मंगळवारी ती नेहमीच्या वेळेला बाहेर पडली. बंद दुकाने बघायची तर तीही आपणच बघावीत, असा तिचा विचार. रस्ता ओळखू येत नव्हता. पंखे बंद, पाट्यांचे दिवे बंद, दुकानांच्या पोटात काळोख. आणि न्हाव्याच्या गाळ्यासमोर फुटपाथवर, भर उजेडात, ती खुर्ची! न्हाव्याने ती उचलून बाहेर आणली होती. मशीन बाजूला, हातात जुनी कात्री आणि कंगवा. कात्री अशी वाजत होती की पलीकडच्या बाजूने लोक बघायला थांबत होते. आरसा खिडकीच्या गजाला टांगलेला. डबा खिडकीत.

"बसा मालकीणबाई," न्हावी म्हणाला. "ऊन आहे, सावलीला बसा."

काजबटणवाली दारात चटई टाकून हाताने काजे करत होती, बारीक बारीक टाके घालत. किल्लीवाल्याने पकडीत किल्ली आवळली होती आणि तो कानस घासत होता. जी किल्ली मशीनवर चहा थंड व्हायच्या आत व्हायची, तिला आता घाम निघत होता. हवालदाराने कुठून तरी पायाने दाबायचा पंप पैदा केला होता आणि जो माणूस गिऱ्हाईक आले तरी आधी जांभई द्यायचा, तो नाचल्यासारखा पंपावर उड्या मारत होता. रस्त्यावरची पोरे त्याच्या उड्या मोजत होती.

"दमशील रे," मावशी म्हणाली.

"सहा दिवस दमत नाही, एक दिवस दमू द्या की!"

मावशीने पदर कमरेला खोचला आणि काजबटणवालीच्या चटईवर जाऊन बसली. "बटणं आहेत का लावायची?"

"आहेत ना. ढीग पडलाय. पण तुम्ही..."

"इस्पितळाच्या डगल्यांची बटणं कोण लावत होतं, तुझी आई? दे सुई."

तेव्हापासून मंगळवारी मावशी बटणे लावायला बसू लागली. हाताने काम म्हणजे विजेच्या मानाने निम्मेच निघायचे. डबे पूर्वीसारखे जड होत नव्हते. मावशीने घरी दुपारचा चहा सोडला. संध्याकाळी दिव्याऐवजी खिडकीत बसायची सवय लावून घेतली. कुणाला काही सांगितले नाही.

एका मंगळवारी किल्लीवाल्याकडे भलतीच गर्दी दिसली. मावशीला नवल वाटले. तिने रांगेतल्या एका बाईला विचारले, "आजच एवढी घाई का?"

"घाई कसली? मी कालच आले होते. हा म्हणाला, उद्या या. काल लाइट होती, मशीन चालू होतं, तरी म्हणाला उद्या या!"

मावशी तरातरा आत गेली. "सोमवारची गिऱ्हाइकं मंगळवारी ढकलतोस?"

किल्लीवाल्याने कानस थांबवली नाही. "तेव्हा इकडची तिकडे ढकलली होती. आता तिकडची इकडे ढकलतो. माझा माझा हिशेब आहे तो, मावशी."

"सोमवार तुझा आहे. त्याला हात लावायचा नाही."

"माझा आहे ना? मग मी काय वाट्टेल ते करीन त्याचं."

एवढे बिनतोड उत्तर मावशीला आजवर कुणी दिले नव्हते. "गाढवा," ती म्हणाली, पण आवाज गाढव म्हणण्याचा नव्हता. "आजच्या दिवस ठेव. पुढच्या आठवड्यापासून नाही. लोकांना खेटे घालायला लावायचे नाहीत माझ्या दुकानात."

वर्ष संपायला आठवडा राहिला असताना मुलगा आला. ऑफिसातून सुट्टी काढून, मुद्दाम मंगळवारी. दोन खोल्यांतले सामान किती निघेल, टेम्पो लहान लागेल की मोठा, हे मनाशी ठरवतच तो रस्त्याला लागला होता. बंद दुकाने, अंधार आणि ओशाळलेली आई, असे काहीतरी त्याच्या डोळ्यांसमोर होते.

कोपऱ्यावर एक जाडा माणूस पंपावर उड्या मारत होता. पुढे फुटपाथवर खुर्चीत गिऱ्हाईक बसले होते, दोघे वाट बघत उभे होते. आणि चटईवर, डोळ्यांना चष्मा लावून, मांडीवर सदरा घेऊन त्याची आई सुईत दोरा ओवत होती.

"आई? बटणं लावतेस?"

"बस."

"या वयात लोकांची बटणं लावतेस? मला सांगायचं होतंस. मी काय..." त्याचा आवाज चिरकला.

"हळू. धंद्याची वेळ आहे," मावशी म्हणाली. "लोकांची कुठं? हे माझं दुकान आहे, आज. माझ्या दिवशी माझ्या दुकानात मी काम करतेय. तुझा साहेब त्याच्या ऑफिसात बसतो, त्याला कुणी म्हणतं का, या वयात कशाला?"

मुलगा चटईच्या काठावर बसला. बूट काढू की नको, त्याला कळेना. शेवटी काढले.

"भाडं निघालं?" त्याने हळूच विचारले.

"निघालं. औषधही निघालं."

"आणि बाकीचं?"

"दुपारचा चहा सोडला. पैजेत चहा नव्हता."

मुलाने रस्त्याकडे पाहिले. कात्री वाजत होती, कानस घासत होती. मग म्हणाला, "कुणी कुणासाठी असं करतं, हे मी आमच्याकडे कधी बघितलं नाही. शेअर पडला तर कंपनी काही फुटपाथवर येऊन बसत नाही."

"तुझ्या कंपन्यांचं मला माहीत नाही," मावशी म्हणाली. "पण एक सांगते. वाराचं तुझंच बरोबर होतं. सगळे एकाच वारी घ्यायला नको होते. चुकलं माझं."

हे ती सहज बोलली, दोरा तोडता तोडता. मुलाने तिच्याकडे पाहिले. आईने आपले चुकले असे म्हटलेले त्याने जन्मात ऐकले नव्हते.

"मग बदलून घे ना," तो म्हणाला. "सांग त्यांना, ते देतील."

"हिचा बदलते." मावशीने काजबटणवालीकडे मान वळवली. "हातानं काजं करून डोळे लाल करून घेतलेत पोरीनं. हिचा शुक्रवार घेईन. ऐकलंस का गं? पुढच्या आठवड्यापासून शुक्रवार. मंगळवार तुझा."

"आणि बाकीच्यांचा?" मुलाने विचारले.

"राहू दे. एवढे घाम गाळून त्यांनी उभा केलाय तो मंगळवार. आता त्याची किंमत वाढलीय."

मुलगा हसला. मग मावशीचे लक्ष त्याच्या बाहीकडे गेले. मनगटाचे बटण तुटून लोंबत होते. तिने त्याचा हात ओढला, दोरा ओवला आणि बटण पक्के केले. लहानपणी शाळेत जाताना करायची तसेच, दोरा शेवटी दाताने तोडला.

मुलगा उठला, बूट घालू लागला.

"पैसे?" मावशी म्हणाली.

"काय?"

"बटणाचे. घरचा असलास तरी मंगळवारी फुकट काही नाही."

काजबटणवाली तोंडावर हात ठेवून हसली. मुलाने खिशात हात घातला, डब्यापाशी गेला आणि फटीतून पैसे आत टाकले. ऑफिसात लाखांचे कागद इकडून तिकडे सरकवणाऱ्या त्या माणसाने इतक्या काळजीने कधी कुठे पैसे गुंतवले नसतील. मग तो रांगेत जाऊन उभा राहिला, केस कापून घ्यायला. घर हलवण्याचा विषय त्याने त्यानंतर काढला नाही.

वीज पुढे सुरळीत झाली. मंगळवार पुन्हा मशीनवर चालू लागले, डबे जड झाले, मावशीचा दुपारचा चहा परत आला. पण न्हाव्याने मंगळवारी खुर्ची बाहेर काढायची सवय ठेवली. लोकांनाही ती आवडू लागली होती. काजबटणवालीने दुसरे मशीन स्वतःच्या पैशाने घेतले. किल्लीवाल्याच्या केसांत पांढरे दिसू लागले. मावशी शेवटच्या मंगळवारपर्यंत धंद्यावर गेली, काठी टेकत, आणि न्हाव्याची कापडे धुवून आणत राहिली. चौघांना तिने बजावून ठेवले होते, "माझं काही झालं आणि तो माझा वार नसला, तर दुकान बंद ठेवायचं नाही. दुसऱ्या वारांवर माझा हक्क नाही." आणि त्यांनी तसेच केले. काम सांभाळून आळीपाळीने तिचे शेवटचे दर्शन घेऊन आले. पण एकाही दुकानाचे दार लावले नाही.

तिच्या माघारी पहिला मंगळवार आला. ठरल्याप्रमाणे दिवस ज्याचे त्याला परत गेले होते. मुलगा न्हाव्याकडे आला आणि फुटपाथवरच्या खुर्चीत बसला. न्हाव्याने फळीवरून एक कापड उचलले. कडक घडीचे, पांढरेशुभ्र. ते त्याने जरा वेळ हातातच धरले, मग उलगडून मुलाच्या मानेभोवती गुंडाळले.

केस कापून झाले, मुलाने पैसे दिले. न्हाव्याचा हात सवयीने खिडकीतल्या डब्याकडे गेला. नोट अर्धी फटीत गेली आणि तिथेच थांबली.

"मंगळवार आता तुझा आहे, दादा," मुलगा म्हणाला.

"माहीत आहे."

न्हाव्याने नोट बाहेर ओढली आणि गल्ल्यात ठेवली. डबा उचलला, फडक्याने चारी बाजूंनी पुसला आणि होता तिथेच परत ठेवला. मग मुलाच्या अंगावरचे कापड काढून झटकले आणि उजेडात धरले.

"एक विचारू? हे एवढं पांढरं कसं करायच्या, तुम्हाला ठाऊक आहे का?"

"नाही," मुलगा म्हणाला. "कधी विचारलंच नाही."

न्हाव्याने मान हलवली, कापडाची जुन्याच मोडींवर घडी घातली आणि ते फळीवर न ठेवता आत नेऊन ठेवले.

मावशी गेली ती त्याच्या आधीच्या गुरुवारी, सकाळी, तिच्या त्या दोन खोल्यांतच; नातीची शाळा संपली त्या वर्षी.